चौदा जुलै आणि ओदेतबाईंच्या खिडक्या

फ्रान्सला जाऊन आले म्हटलं की लोक आधी पॅरिसबद्दल विचारतात. पॅरिस मी पाहिलेलं नाही. आमचा कोच, म्हणजे सहलीची बस, पॅरिसच्या आसपासही फिरकला नाही. मी पाहिलं ते उत्तरेकडचं एक लहानसं गाव. त्याचं नाव आईला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, आणि मी म्हटलं की तिथल्या लोकांना हसू यायचं, म्हणून इथे नुसतं गावच म्हणते.

खरं सांगायचं तर मला कुठेच जायचं नव्हतं. मेडनहेडजवळच्या एका हॉस्पिटलात मी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. रजा मिळाली की मला झोपायचं असतं, बस्स. लग्न कधीच मोडलंय, मुलगा मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत, तेव्हा माझ्या झोपेत कुणाची अडचण नसते. पण २००३ च्या त्या उन्हाळ्यात घरात आई होती.

आई फेब्रुवारीत नागपूरहून आली होती. वय सत्त्याहत्तर, शाळेतली नोकरी संपून जमाना झाला, गुडघे गेलेले, बीपीची गोळी. बाबा गेल्यापासून ती धरमपेठेतल्या घरात एकटी. तिचा व्हिसा जुलैअखेर संपत होता आणि मला ती परत जायला नको होती. तिने कायमचं माझ्याकडे राहावं यासाठी अर्ज करता येतो, पण तो व्हिसा संपायच्या आत गेला पाहिजे, असं सॉलिसिटरने सांगितलं होतं. मी आईला विचारलं की ती म्हणायची, "बघू."

माझ्या वॉर्डात ज्या म्हाताऱ्या बाया येतात, त्यांतल्या कित्येकींच्या कागदावर पहिली ओळ असते, 'फाउंड ऑन फ्लोअर'. जमिनीवर पडलेल्या सापडल्या. किती वेळ पडून होत्या ते कुणालाच ठाऊक नसतं. इतकी वर्षं ती ओळ वाचतेय, आणि दर वेळी मला नागपूरच्या घरातली मोरी दिसते. म्हणून आईने 'बघू' म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

समोरच्या घरात पॉलीन राहते. विधवा, शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालेली, सदैव कसल्या ना कसल्या कमिटीवर. इथल्या गावांना परदेशातल्या गावांशी जुळं जोडायची हौस असते. ट्विनिंग म्हणतात. वेशीवरच्या पाटीवर त्या जुळ्या गावाचं नाव लिहितात, आणि वर्षातून एकदा इकडचे लोक तिकडे जाऊन एकमेकांच्या घरी राहतात. आमच्या ट्विनिंगची सेक्रेटरी पॉलीन. त्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय सणाला, चौदा जुलैला, कोच जाणार होता आणि दोन सीट रिकाम्या होत्या. "युवर मदर वुड लव्ह इट," पॉलीन म्हणाली. मदर लगेच हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. आईच्या फ्रान्सच्या व्हिसासाठी मी माझा एक पूर्ण दिवस लंडनला कॉन्स्युलेटच्या रांगेत घालवला, तेव्हा मनाशी ठरवलं की या चार दिवसांत काय तो निकाल लावायचा. घरी आई विषय टाळून स्वयंपाकघरात जाते. परक्याच्या घरी कुठे जाईल?

शनिवार

फेरीबोटीवर आईने दशमी-चटणी खाल्ली आणि इंग्लिश खाडी झोपून पार केली. मला कोचमध्ये झोप लागत नाही. संध्याकाळी पोचलो तेव्हा उन्हाने चौकातला डांबरी रस्ता पायाला चिकटत होता. नगरभवनाच्या पायऱ्यांवर यजमान मंडळी उभी होती आणि पॉलीन नावं वाचून एकेकाला त्यांच्या हवाली करत होती.

आमच्या वाट्याला आल्या मादाम ओदेत. ऐंशीच्या पुढच्या, चणीने आईहून लहान, अंगावर निळ्या फुलांचा बिनबाह्यांचा झगा, हाताला घट्ट पकड. इंग्रजीचा एक शब्द येत नाही. एका अरुंद गल्लीत त्यांचं तसंच अरुंद, उभं घर. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर दोन खोल्या. रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांना बाहेरून राखाडी रंगाच्या लाकडी झडपा.

"बाई, तुम्ही एकट्याच राहता का?" आईने स्वच्छ मराठीत विचारलं.

ओदेतबाईंनी तितक्याच स्वच्छ फ्रेंचमध्ये लांबलचक उत्तर दिलं. भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो दाखवला, छातीवर हात ठेवला, खिडकीबाहेर बोट केलं. आई मान डोलावत राहिली. मग आईने बाबांबद्दल सांगितलं. त्यांनीही मान डोलावली. मी मध्ये बॅगा घेऊन उभी. या दोघींचं चार दिवस असंच चाललं, आणि दुभाष्याची गरज दोघींपैकी एकीलाही वाटली नाही.

जेवायला काकडी, टोमॅटो, पाव, चीज आणि एका वाडग्यात मसूर. पण थंडगार, व्हिनेगर आणि तेल घातलेले. आईने एक चमचा खाल्ला.

"फोडणी द्यायची राहिली का यांची?"

"नाही गं, असंच खातात."

"बरं." थोड्या वेळाने ती उठली, पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि मसुरावर मूठभर चिवडा पेरला. ओदेतबाईंनी आपलाही वाडगा पुढे केला. मी चीज खाल्लं आणि वर जाऊन आडवी झाले. विषय काढायचं त्राण नव्हतं.

रविवार

सकाळी गावाचा वारसा दाखवायची फेरी होती. हेरिटेज वॉक म्हटलं की मला आधीच पाय दुखायला लागतात. नगरपालिकेचे एक गृहस्थ पुढे, आम्ही मागे, आणि मध्ये पॉलीन आपल्या शाळकरी फ्रेंचमधून भाषांतर करतेय. चर्च पाहिलं. त्यातल्या एका खिडकीची रंगीत काच युद्धात फुटली आणि गावाने ती तशीच साध्या काचेने भरून ठेवलीय. मग लाकडी बुटांचं म्युझियम. एकेकाळी म्हणे गावातली निम्मी घरं हेच बूट कोरायची. आईने एक जोड उचलून पाहिला आणि म्हणाली, "खडावा बऱ्या, निदान बोटं मोकळी राहतात." हे मी पॉलीनला सांगितलं नाही.

आईला आवडला तो धोबीघाट. ओढ्याच्या काठाला छपराखाली दगडी हौद, भोवती उतरते कठडे. पूर्वी गावातल्या बायका इथे गुडघ्यावर बसून कपडे धूत. घरोघरी मशीन आल्यावर हळूहळू कुणी येईनासं झालं. आता तिथे तांबड्या जिरेनियमच्या कुंड्या ठेवल्यात आणि एक पाटी. आई कठड्यावर बसली, रुमाल भिजवला, पिळला, मानेला लावला.

"मग आता या बायका बोलतात कुठे?" तिने विचारलं.

पॉलीनने विचारून सांगितलं. ते गृहस्थ नुसते हसले. ओदेतबाईंनी मात्र हात वर करून गल्लीतल्या खिडक्यांकडे बोट दाखवलं. आम्हाला कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही, आणि ऊन इतकं होतं की विचारायचं कुणी मनावरही घेतलं नाही.

तेवढ्यात सावली बघून मी विषय काढलाच. "आई, सॉलिसिटरला काय सांगू?"

"इथेही?" आई म्हणाली. "पाणी बघू दे नं जरा."

चौदा जुलैच्या आदल्या संध्याकाळी गावातून कंदिलांची मिरवणूक निघते. कागदी कंदील, आत मेणबत्ती, काठीला टांगलेला, आणि पुढे बँड. म्हाताऱ्यांना खुर्च्या देऊन बसवतात, पण आईला चालायचंच होतं. तिचा कंदील चर्चच्या कोपऱ्यावर पेटला. तिने तो शांतपणे खाली टाकून चपलेने विझवला आणि नुसती काठी घेऊन उरलेली मिरवणूक पूर्ण केली. मी तिच्या कोपराला धरून चालत होते. सबंध वेळ माझं लक्ष फक्त रस्त्यातल्या दगडांवर, कुठे तिचा पाय अडकतो का. बँड काय वाजवत होता ते आता कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही.

सोमवार, चौदा जुलै

या दिवसाचा कार्यक्रम असा होता. सकाळी चौकात अग्निशामक दलाची परेड, हुतात्म्यांच्या स्मारकाला फुलं, मेयरचं भाषण, दुपारी सगळ्या गावाचं रस्त्यावर जेवण, रात्री फटाके. प्रत्यक्षात सकाळचा कार्यक्रम बराच उशिरा सुरू झाला, आणि त्याला कारण माझी आई.

झालं ते असं. ओदेतबाई भल्या सकाळी खालच्या झडपा उघडून, मागच्या परसातल्या फाटकाने नगरभवनात गेल्या. परेडवाल्यांसाठी कॉफी करायची होती. आई नेहमीप्रमाणे पाचलाच उठून अंघोळ करून बसलेली. साडेसातला समोरून ऊन सरळ घरात यायला लागलं. आता, नागपूरच्या बाईला उन्हाळा कुणी शिकवायची गरज नाही. ऊन वर चढायच्या आत सगळी दारंखिडक्या घट्ट लावून घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत उघडायची नाहीत, हे तिथलं लहान मूलही जाणतं. यजमानीण घाईत विसरली असेल, असं समजून आईने खालच्या सगळ्या झडपा ओढून कड्या घातल्या, वरची ओदेतबाईंची खोलीही बंद केली, आणि डबीतला बाळकृष्ण काढून पूजेला बसली. आमच्या खोलीच्या झडपा मी रात्रीपासूनच लावलेल्या. मी कानात बोळे घालून झोपले होते. हॉस्पिटलने लावलेली सवय.

त्यानंतर कुणीतरी दार वाजवलं. मग फोन वाजला. मग दार जोरात वाजलं. आईने हे सगळं ऐकलं. पण मेडनहेडला ती आली त्या दिवसापासून मी तिला घोकून घेतलं होतं, की तू घरात एकटी असताना कुणीही वाजवलं तरी दार उघडायचं नाही, साखळी काढायची नाही, फोन उचलायचा नाही. आईने उघडलं नाही. उचललाही नाही. उलट आवाज होऊ नये म्हणून घंटी वाजवायची थांबली.

मला जाग आली ती डोळ्यांवर एकदम ऊन आलं म्हणून. झडप बाहेरून उचकटली होती आणि खिडकीत चांदीसारखं लखलखणारं हेल्मेट, त्याखाली मिशा, त्याखाली पांढरे हातमोजे. माझ्या अंगावर जुना गाऊन. मी कानातला एक बोळा काढला आणि काय बोलावं न सुचून म्हणाले, "आय ॲम फाइन. आय ॲम अ डॉक्टर."

हेल्मेटने मागे वळून खाली काहीतरी ओरडून सांगितलं. मी खिडकीशी गेले. गल्लीत अग्निशामक गाडी उभी, तिला झेंडे आणि फुलांच्या माळा. परेडच्या पोषाखातले जवान. तिरंगी पट्टा घातलेला मेयर. ट्रम्पेट काखोटीला मारलेले बँडवाले. समोरच्या घरातले एक म्हातारे गृहस्थ, रने त्यांचं नाव, पांढरेफटक पडून भिंतीला टेकलेले. आणि गर्दीच्या मागून ॲप्रन सावरत धावत येणाऱ्या ओदेतबाई. त्यांना बघून रने मटकन पायरीवरच बसले. ओदेतबाईंनी त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि दोघं तशीच राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पण फार कुणी हसलं नाही.

मी खाली उतरले तेव्हा आई देव डबीत ठेवत होती.

"आई, दार का नाही उघडलंस?"

"तूच म्हणून ठेवलंय नं, कोणी वाजवलं तरी उघडायचं नाही. नाही उघडलं."



नंतर पॉलीनने सगळं विचारून आम्हाला सांगितलं, स्वयंपाकघरात, ओदेतबाई कॉफी ओतत असताना. काही वर्षांपूर्वी याच गल्लीत एक एकटी बाई जिन्यावरून पडली. शेजारपाजारचे येत-जात होते, पण ती आत पडून आहे हे कुणाला कळलंच नाही, आणि कळलं तोवर उशीर झाला होता. तेव्हापासून गल्लीने ठरवून टाकलं. सकाळी आठच्या आत प्रत्येकाने रस्त्याकडच्या झडपा एकदा तरी सताड उघडायच्या. मग ऊन आहे म्हणून लगेच ओढून घेतल्या तरी चालेल, पण उघडलेल्या कुणीतरी पाहिल्या पाहिजेत. ज्याच्या उघडल्या नाहीत त्याचं दार समोरच्याने वाजवायचं. ओदेतबाईंच्या खिडक्या बघायचं काम रने यांचं, आणि रने यांच्या खिडक्या ओदेतबाईंचं. त्या दिवशी रने जरा उशिरा बाहेर आले. पाहतात तो सगळं घर बंद.

आई हे सगळं ऐकत होती. मी तिला मराठीत सांगत होते, आणि सांगताना मला हसू येत होतं, दमल्यावर येतं तसं. आई हसली नाही. ती उठून खिडकीशी गेली, झडपेची कडी खालीवर करून पाहिली, मग समोर रने यांच्या खिडकीकडे बघत उभी राहिली. "सॉरी म्हण त्यांना," ती म्हणाली. "आणि म्हणावं, चांगली रीत आहे." मग पॉलीनकडे बघून स्वतःच इंग्रजीत म्हणाली, "व्हेरी गुड सिस्टिम."

परेड झाली. स्मारकापाशी गावातल्या मेलेल्या सैनिकांची नावं वाचली, फुलं वाहिली. मेयरने भाषणात आमचा उल्लेख केला असावा, कारण सगळे वळून आमच्याकडे बघत होते. आईने नमस्कार केला.

दुपारचं जेवण त्याच गल्लीत होतं. लांबच लांब फळ्यांची टेबलं, वर पांढरा कागद. तिथली पद्धत अशी, की गाव जेवण देतं पण ताट, वाटी, काटा, पेला ज्याने त्याने घरून आणायचा. त्यामुळे एका टेबलावर सतरा तऱ्हेच्या बश्या. ओदेतबाईंनी आमच्यासाठी सोनेरी काठाच्या काढल्या होत्या. गावाने सॉसेज आणि चिप्स केले होते. आईने चिप्स घेतले, ओदेतबाईंचे मसूर घेतले आणि चिवडा टेबलावर फिरवला. तो रने यांच्यापर्यंत गेला आणि तिथेच संपला.

मला वाटलं, आता आई खूश आहे, हीच वेळ. ओदेतबाई समोरच बसल्या होत्या, पण त्यांना काय कळणार.

"आई, ऐकलंस ना ती पडलेली बाई? तुझं असं काही झालं तर? आल्यावर पहिल्या दिवशी अर्ज पाठवू या."

आईने काटा खाली ठेवला. "माझं असं होत नाही. माझ्या दारात सातपर्यंत सडा-रांगोळी दिसली नाही तर समोरची सुलभा येते बघायला. मागच्या पावसाळ्यात ताप होता तेव्हा आली. किल्लीच आहे तिच्याजवळ. मी तिचं बघते, ती माझं. आमचं कोणी ठरवलं नाही यांच्यासारखं, पण आहे."

"आणि माझ्याकडे कोण आहे? मी आहे ना."

"तू आठला जाते, सातला येते. मी दहाला पडले तर तुला कधी कळेल? तूच सांग, डॉक्टर आहेस. त्या घरी मी खिडकीत बसते दिवसभर, निशा. तुमच्या रस्त्यावर कोणी वरती पाहत नाही."

मला राग आला. खूप आला. पाच महिने मी शिफ्ट संपवून पळत घरी येत होते, तिच्यासाठी हळद, साबुदाणा, कढीपत्ता आणायला शनिवारी ईलिंगला खेटे घालत होते, आणि ही म्हणते कोणी वरती पाहत नाही.

"म्हणजे माझ्यापेक्षा ती सुलभा बरी."

"तसं नाही बोलले मी." मग म्हणाली, "मला सांभाळायला ठेवून राहिली का तू, की तुला सोबत हवी म्हणून?"

"सोबत हवी म्हणून," मी म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळली. "आहे मी एकटी. रोज त्या घरात येऊन दिवा लावते आणि टीव्ही लावते. मग? त्यात काय चुकलं?"

"काही नाही चुकलं," आई म्हणाली. "पण माझ्याने ते किती पुरणार? चार वर्षं? पाच?"

मी बशीकडे बघत राहिले. चिप्स गार झाले होते. ओदेतबाईंना भाषा कळली नव्हती, बाकी सगळं कळलं असावं. त्यांनी माझी बशी उचलली, गरम चिप्स आणून ठेवले आणि माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला, लहान पोराच्या फिरवतात तसा.  आई परत जाणार, हे न सांगताच ठरलं होतं.

फटाके मी पाहिले नाहीत. अंधार पडायची वाट बघत ओदेतबाईंच्या आरामखुर्चीत बसले आणि तिथेच झोपले. आई आणि ओदेतबाई रने यांच्याबरोबर जाऊन पाहून आल्या. चांगले होते म्हणे.

मंगळवार

सकाळी आठच्या आधी आईने स्वतः ओदेतबाईंच्या झडपा उघडल्या. नुसत्या उघडल्या नाहीत, भिंतीला आपटतील इतक्या जोरात उघडल्या. समोरून रने यांनी हात केला. निघताना दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गालाला गाल लावून उभ्या राहिल्या आणि दोघीही आपापल्या भाषेत बोलत होत्या. आईला मुका घेणं जमेना, म्हणून तिने शेवटी ओदेतबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं. त्या विधवा आहेत याची आठवण मी करून दिली नाही. आईलाही ती आठवण नको होती. कोच सुटला तेव्हा त्या ते कुंकू तसंच ठेवून हात हलवत होत्या.

वाटेत मला झोप लागली, आश्चर्य म्हणजे कोचमध्ये.

परत आल्यावर

जुलैच्या शेवटी मी आईला हीथ्रोला सोडून आले. त्या आधीच्या दुपारी ती पॉलीनकडे चहाला गेली होती, एकटीच. दोघी काय बोलल्या असतील, असं तेव्हा मनात आलं, पण विचारलं नाही. मी रागावलेलीच होते अजून.

ऑगस्टमध्ये इंग्लंडात कधी पडत नाही असं ऊन पडलं. फ्रान्समध्ये तर त्याहून. तिकडे एकटी राहणारी म्हातारी माणसं बंद घरांत उन्हाने दगावली, अशा बातम्या टीव्हीवर यायला लागल्या. आमच्या वॉर्डात खाट मिळेना. 'फाउंड ऑन फ्लोअर' लिहून लिहून ज्युनिअर डॉक्टर कंटाळले. आठवड्यानंतर मला एक दिवस सुटी मिळाली. सकाळी जाग आली आणि उठावंसं वाटेना. तापबिप काही नव्हता. नुसतं पडून राहिले. ऊन यायला लागलं तेव्हा पडदे घट्ट सारून घेतले, पुढचे मागचे सगळे, आणि परत आडवी झाले. फोन वाजला, उचलला नाही. आता मी संध्याकाळपर्यंत अशीच राहिले तर कुणाला कळणार आहे, असं मनात आलं, आणि त्यात मला काही वाईटही वाटलं नाही. तेच मला नंतर जास्त लागलं.

दार वाजलं. मी हलले नाही. पुन्हा वाजलं. मग लेटरबॉक्सची झडप उघडल्याचा आवाज, आणि त्यातून पॉलीन.

"निशा, ओपन द डोअर. मी तुला आणखी पाच मिनिटं देते. मग फायर ब्रिगेडला फोन करते."

मी खाली आले. साखळी काढली. पॉलीन उन्हात उभी होती, घामाघूम, हातात माझ्या घराची किल्ली, आईच्या चाव्यांतली.

"तुझी मदर देऊन गेलीय," ती म्हणाली. "तिने मला नीट समजावलंय. कर्टन्स नऊला उघडले नाहीत तर नॉक करायचं. सुटीच्या दिवशी दहा. मी दहा वाजून गेले तरी वाट पाहिली, म्हटलं, झोपली असशील."

मी दारातच रडले. पॉलीनला इतकं रडणं झेपत नाही, ती पायपुसणं सरळ करत राहिली आणि म्हणाली की तिने सकाळीच फ्रान्सला फोन केला होता. ओदेत ठीक आहे. रने रोज झडपा बघतो, आणि आत ओली चादर लावायला कुणीतरी शिकवलंय म्हणे. मग ती आत येऊन केटल लावायला गेली.

"आणि तुझे पडदे कोण बघतं?" जरा वेळाने मी विचारलं.

"माझे?" पॉलीन म्हणाली. "तुझी मदर म्हणाली, ते तू बघशील."

दुसऱ्या दिवशी उठल्यावर मी आधी पडदे उघडले. मग समोर पाहिलं. पॉलीनचे उघडे होते.